कमी ऑक्सिजनमधील ल्युकेमिया पेशी: जनुकांतील बदल विश्वासार्ह रीतीने कसा मोजावा

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी आपण ज्या इन्क्युबेटरमध्ये वाढवतो, त्यातील पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ वजा केली तर ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे १८.६ टक्के उरते. या पेशींचे खरे घर असलेल्या अस्थिमज्जेत मात्र एवढा ऑक्सिजन कधीच नसतो. २०१४ साली जिवंत उंदराच्या कवटीच्या हाडातील मज्जेत थेट मोजमाप झाले, तेव्हा तेथील ऑक्सिजनचा अंशदाब ३२ मिमी पाऱ्याच्या खाली आढळला. आणि रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असूनही काही खोल भागांत तो १० मिमीच्या जवळ, म्हणजे साधारण १.३ टक्क्यांपर्यंत, उतरलेला होता. म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये या पेशींची कोणती जनुके जागी होतात आणि कोणती मंदावतात, हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. अडचण वेगळीच आहे. या प्रयोगातून जनुकांची लांबलचक यादी जवळजवळ नेहमीच मिळते, पण तिच्यातील कोणता बदल खरोखर ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे झाला आणि कोणता आम्ल झालेल्या मीडियममुळे (पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यामुळे), संपलेल्या ग्लुकोजमुळे किंवा दार उघडताना आत शिरलेल्या हवेमुळे झाला, हे यादी स्वतः सांगत नाही. एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचे पहिले वर्ष या विषयावर घालवणाऱ्यांसाठी पुढील मांडणी केली आहे, आणि तिचा बराचसा भाग यादी हाती येण्यापूर्वीच्या कामाविषयी आहे.

प्रयोगापुरती यंत्रणा

पेशीत एचआयएफ-१ अल्फा हे ऑक्सिजन घटल्यावर जनुके चालू करणारे प्रथिन सतत तयार होत असते आणि सतत मोडलेही जात असते. ऑक्सिजन पुरेसा असेल तेव्हा पीएचडी नावाची विकरे (पदवीशी त्यांचा संबंध नाही) या प्रथिनातील ४०२ आणि ५६४ या क्रमांकांच्या प्रोलिन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट बसवतात. ती खूण व्हीएचएल हे प्रथिन ओळखते आणि पुढे प्रोटिअसोम या पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेत एचआयएफ-१ अल्फाचा निकाल लागतो. हे सारे इतक्या वेगाने होते, की भरपूर ऑक्सिजनमध्ये एचआयएफ-१ अल्फाचे अर्धआयुष्य पाच मिनिटांहूनही कमी असते. ऑक्सिजन घटला की खूण बसत नाही, प्रथिन साचते, केंद्रकात जाऊन एचआयएफ-१ बीटाशी जोडी जमवते आणि आरसीजीटीजी (येथे आर म्हणजे ए किंवा जी) हा अल्पसा क्रम असलेल्या डीएनएच्या जागांवर बसून जवळची जनुके चालू करते. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक याच शोधासाठी मिळाले.

यातून प्रयोगासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की नियंत्रण प्रथिनाच्या पातळीवर असल्यामुळे एचआयएफ-१ अल्फाचा एमआरएनए (जनुकावरून बनणारी, प्रथिन तयार करण्याची प्रत) मोजून काहीही सिद्ध होत नाही. तो बहुधा बदलत नाही आणि दीर्घकाळ कमी ऑक्सिजनमध्ये ठेवल्यास कित्येकदा उलट घटतो. ‘एचआयएफ१ए (याच प्रथिनाचे जनुक) वाढले नाही, म्हणजे हायपॉक्सिया (ऑक्सिजनची कमतरता) झालाच नाही’ असा निष्कर्ष अजूनही प्रबंधांत वाचायला मिळतो, तो या गैरसमजातून आलेला असतो. दुसरी गोष्ट पाच मिनिटांच्या अर्धआयुष्याची. पेशी गोळा करताना तुमच्या हातून किती वेळ जातो, यावर तुम्हाला काय दिसेल हे ठरते.

पेशी आणि ऑक्सिजनची पातळी

के५६२ ही सेल लाइन (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशींचा वाण) दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या तीव्र अवस्थेतील एका रुग्णाकडून मिळालेली असून तिचे वर्णन १९७५ साली प्रसिद्ध झाले. एचएल-६० ही तीव्र मायलॉइड ल्युकेमियाची, १९७७ ची. दोन्ही सोशीक आहेत, भराभर वाढतात, आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारासारख्या ठिकाणाहून मागवता येतात. मात्र दोघींतही पी५३ हे ताणाखाली पेशीची वाढ रोखणारे प्रथिन कार्यरत नाही. ऑक्सिजनच्या तीव्र कमतरतेत पी५३ मार्फत होणारा प्रतिसाद तपासायचा असेल, तर या दोघींवर वेळ घालवू नये. एमओएलएम-१३ किंवा ओसीआय-एएमएल३ या सेल लाइनमध्ये त्याचे जनुक शाबूत आहे. एकाच सेल लाइनवर संपूर्ण निष्कर्ष उभा करणे मला पटत नाही, किमान दोन घ्याव्यात. पेशी आल्या की एसटीआर या डीएनए चाचणीने त्यांची ओळख पटवावी आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची तपासणी करावी, कारण मायकोप्लाझ्मा स्वतःच पेशींचा चयापचय बदलून टाकतो.

ऑक्सिजनची पातळी निवडताना ‘२१ विरुद्ध १ टक्का’ ही रूढ जोडी पुरेशी नाही. २१ टक्के ही मज्जेतील पेशीच्या दृष्टीने सामान्य स्थिती नव्हेच. माझ्या मते ५ टक्क्यांचा तिसरा गट ठेवावा, म्हणजे मज्जेतील नित्याच्या पातळीपासून खोल कोपऱ्यातील पातळीपर्यंत पेशी गेली असता काय बदलते, हे दिसते. ०.१ टक्के ही पातळी वेगळ्या प्रश्नासाठी राखून ठेवावी: इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये के५६२ सारख्या पेशींतील बीसीआर-एबीएल हे कर्करोगाला चालना देणारे प्रथिनच घटते, आणि ज्या प्रथिनावर इमॅटिनिब या औषधाचा घाव बसायचा तेच नाहीसे झालेल्या पेशी औषधातून निसटू शकतात. हा विषय महत्त्वाचा आहे, पण १ टक्क्याच्या निष्कर्षांत तो मिसळू नये.

टक्केवारीविषयी आणखी एक. पेशीला टक्के कळत नाहीत, अंशदाब कळतो. समुद्रसपाटीला, ३७ अंशांच्या दमट इन्क्युबेटरमध्ये १ टक्का म्हणजे सुमारे ७.१ मिमी पारा. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तोच आकडा ६.६ च्या आसपास येतो. मुंबईतील आणि पुण्यातील प्रयोगशाळांचे निकाल शेजारी ठेवताना हा फरक फार मोठा ठरत नाही, परंतु सेन्सरचे कॅलिब्रेशन कोणत्या दाबावर झाले याची नोंद वहीत असलीच पाहिजे.

पेशीपर्यंत खरोखर काय पोहोचते

यंत्राच्या पडद्यावर १.० दिसले, म्हणजे पेशीभोवती १ टक्का झाला असे नाही. पडदा वायूची पातळी सांगतो. पेशी मीडियमच्या तळाशी बसलेली असते. इन्क्युबेटरमधून काढलेल्या मीडियममध्ये विरघळलेला ऑक्सिजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तो वेळ मीडियमच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ मिमी उंचीचा स्थिर थर १ टक्क्याच्या जवळ यायला साधारण दोन तास घेतो. उंची ६ मिमी केली तर सात-आठ तास. फ्लास्कचे प्लॅस्टिक स्वतःही थोडा ऑक्सिजन धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. त्यामुळे ‘४ तास हायपॉक्सिया’ असे लिहिलेल्या कित्येक प्रयोगांत पेशींनी प्रत्यक्षात तासाभराचाच हायपॉक्सिया अनुभवलेला असतो.

उपाय सोपा आहे. प्रयोगाला लागणारे सगळे मीडियम आदल्या दिवशी उथळ ताटलीत ओतून कमी ऑक्सिजनच्या कक्षात रात्रभर ठेवावे, रिकाम्या प्लेटही तिथेच ठेवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी पेशींचा अगदी थोड्या मीडियममधील दाट साठा त्यात सोडावा. हे काम हातमोजे बसवलेल्या बंद कार्यकक्षात झाले तर उत्तमच. तसा कक्ष नसेल तर मुख्यतः नायट्रोजन असलेले, हव्या त्या ऑक्सिजन पातळीचे वायुमिश्रण भरून सील करायची पेटी चालते, मात्र ती भरून तासाभराने पुन्हा एकदा वायूने धुवावी, कारण तोवर मीडियममधून आणि प्लॅस्टिकमधून निघालेला ऑक्सिजन पेटीत साचलेला असतो. नायट्रोजनची गळती डोळ्याला दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. खोलीत ऑक्सिजनचा अलार्म नसेल आणि वायुवीजन नसेल, तर सिलिंडर उघडूच नये.

उलट दिशेची चूकही तितकीच सर्रास होते. ल्युकेमियाच्या पेशी तरंगणाऱ्या म्हटल्या जातात, पण स्थिर प्लेटमध्ये त्या तळाशी बसतात आणि तिथे ऑक्सिजन खातात. १ टक्का वायूखाली मीडियममध्ये जेमतेम १० मायक्रोमोलर ऑक्सिजन विरघळलेला असतो. वरून झिरपणाऱ्या पुरवठ्यापेक्षा पेशींचा खप जास्त झाला, की तळाशी जवळजवळ शून्य उरते. अशा वेळी तुम्ही १ टक्क्याचा म्हणून जो निकाल लिहिता, तो वस्तुतः ऑक्सिजनविरहित अवस्थेचा असतो. म्हणून पेशींची घनता प्रति मिलिलिटर दोन ते तीन लाखांच्या पुढे नेऊ नये, मीडियमची उंची २-३ मिमीच ठेवावी, आणि शक्य असल्यास प्लेट हलक्या हाताने डोलवणाऱ्या मंचावर ठेवावी. तळाशी चिकटवायचे ऑप्टिकल सेन्सर मिळतात. परवडत असतील तर एकदा तरी वापरून आपल्या मांडणीत नेमके काय घडते ते पाहावे. ते जमले नाही तर पिमोनिडाझोल हे रसायन १० मिमीच्या खाली गेलेल्या पेशींतच प्रथिनांना चिकटते, त्याचा आधार घ्यावा.

आम्लतेकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. कमी ऑक्सिजनमध्ये पेशी ग्लुकोज भराभर जाळून लॅक्टेट सोडतात, आणि ४८ तासांनी मीडियमचा लाल रंग पिवळट झालेला दिसतो. आम्लता स्वतःच शेकडो जनुके हलवते. प्रत्येक वेळबिंदूला पीएच, ग्लुकोज आणि लॅक्टेट मोजून ठेवावे. गरज पडल्यास हेपेस बफर (पीएच स्थिर ठेवणारे रसायन) वापरावा, पण तो मग सर्व गटांत सारख्याच प्रमाणात असावा. सामान्य ऑक्सिजनच्या गटालाही तेच मीडियम, तीच उंची, तीच घनता, तशीच प्लेट आणि पेशी काढण्याचा तोच क्रम हवा. शेजारच्या कोणीतरी आदल्या आठवड्यात वाढवलेल्या पेशी ‘कंट्रोल’ म्हणून उसन्या घेणे, हा वेळ वाचवण्याचा मार्ग नव्हे.

वेळबिंदू ६, २४ आणि ४८ तास असे ठेवावेत. एचआयएफ-१ अल्फा पहिल्या काही तासांत चढते आणि पुढे उतरते, कारण ज्या विकरांमुळे ते मोडते त्यांपैकी पीएचडी२ आणि पीएचडी३ यांची जनुके ते स्वतःच वाढवते; एचआयएफ-२ अल्फा त्या मानाने अधिक काळ टिकून राहते. फक्त २४ तासांचा एकच नमुना घेतला तर हा चढउतार दिसणार नाही.

पेशी काढताना

सगळा प्रयोग नीट करून शेवटच्या दहा मिनिटांत तो वाया घालवता येतो. चिकटून वाढणाऱ्या पेशींचे मीडियम ओतून देऊन त्यांवर थेट लायसिस बफर (पेशी फोडणारा द्रव) टाकता येतो. ल्युकेमियाच्या पेशी आधी सेंट्रिफ्यूज कराव्या लागतात, आणि त्या मधल्या वेळात त्यांना खोलीतील हवा मिळते. आमच्याकडे एकदा सलग तीन वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिन शोधण्याची चाचणी) कोरे आले, आणि नवीन अँटिबॉडी मागवायची वेळ आल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले की सेंट्रिफ्यूज दुसऱ्या मजल्यावर आहे.

म्हणून कक्षाच्या आतच पेशी घट्ट झाकणाच्या नळ्यांत भराव्यात, नळी काठोकाठ भरावी म्हणजे वर हवा राहत नाही, ती तिथेच बर्फात दाबावी, आणि ४ अंशांना तीन-चार मिनिटांत फिरवून लगेच वरचा द्रव काढून लायसिस करावे. प्रथिनासाठीच्या बफरमध्ये डिफेरॉक्सामिन किंवा कोबाल्ट क्लोराइड घातले तर पीएचडी विकरे तिथल्या तिथे थांबतात. आरएनएसाठी द्रव नमुन्यांकरिता बनवलेला ट्रायझोलचा (आरएनए वेगळा काढणाऱ्या, फिनॉलयुक्त द्रवाचा) प्रकार वापरून सेंट्रिफ्यूजची पायरीच टाळता येते. मात्र फिनॉलची वाफ बंद कक्षात घुमू देऊ नये, नमुना पिपेटने काढून बाहेर तयार ठेवलेल्या नळीत काही सेकंदांत मिसळावा. आरएनए प्रथिनापेक्षा सावकाश बदलतो, हे खरे. तरीही ऑक्सिजन परत आल्यावर ताण-प्रतिसादाची काही जनुके पंधरा-वीस मिनिटांत उसळतात, आणि मग ती ‘हायपॉक्सियाची जनुके’ म्हणून तक्त्यात जाऊन बसतात.

आधी छोटी खातरजमा

सिक्वेन्सिंगला, म्हणजे सर्व जनुकांचा आरएनए एकत्र वाचून मोजण्याला, पैसे घालण्यापूर्वी दोन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. वेस्टर्न ब्लॉटवर एचआयएफ-१ अल्फाचा पट्टा यायला हवा. क्रमावरून काढलेले वजन ९३ किलोडाल्टन असले तरी पट्टा ११०-१२० च्या आसपास दिसतो, तेव्हा ९३ वर काही नाही म्हणून निराश होऊ नये. सोबत डायमिथाइलऑक्सॅलिलग्लायसिन (पीएचडी विकरे थांबवणारे रसायन) दिलेल्या पेशींचा नमुना ठेवावा, म्हणजे अँटिबॉडी चालते की नाही हे वेगळे कळते. दुसरी गोष्ट क्यूपीसीआर, म्हणजे निवडक जनुकांचा आरएनए मोजण्याची चाचणी. व्हीईजीएफए, पीडीके१, एनडीआरजी१, बीएनआयपी३, ईजीएलएन३ आणि एएनकेआरडी३७ या एचआयएफच्या ओळखीच्या लक्ष्यांपैकी तीन-चार जनुके घ्यावीत आणि ती वेळेनुसार वाढतात का हे पाहावे.

येथे सर्वांत जुना सापळा आहे तो संदर्भ जनुकाचा, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीची जनुके मोजतात त्याचा. जीएपीडीएच हे ग्लुकोज जाळण्याच्या साखळीतील विकर असून एचआयएफ त्याचे जनुक वाढवते, म्हणजे जे स्थिर धरून बाकीचे मोजायचे तेच हलते. समजा ते दुप्पट झाले: प्रत्यक्षात आठपट वाढलेले व्हीईजीएफए तुम्हाला चारपट दिसेल, आणि मुळीच न बदललेले प्रत्येक जनुक निम्मे झालेले दिसेल. ही दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ‘हायपॉक्सियात घटणारी जनुके’ अशी एक काल्पनिक यादीच त्यातून तयार होते. आरपीएलपी०, एचपीआरटी१, टीबीपी अशा चार-पाच उमेदवारांची आपल्या पेशीत आणि आपल्या वेळबिंदूंवर चाचणी घेऊन त्यांतील दोन-तीन स्थिर जनुकांची सरासरी वापरावी. दुसऱ्याच्या शोधनिबंधात एखादे जनुक स्थिर होते, हा पुरावा आपल्या प्रयोगाला लागू होत नाही.

आरएनए सिक्वेन्सिंग

स्वतंत्र जैविक पुनरावृत्ती किमान तीन, शक्यतो चार ते सहा असाव्यात. एकाच फ्लास्कमधील पेशी तीन प्लेटमध्ये वाटल्या, तर त्या तीन पुनरावृत्ती ठरत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजवर (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटण्याच्या फेरीवर) केलेले प्रयोग हवेत. प्रत्येक दिवशी सर्व गट एकत्र चालवावेत आणि विश्लेषणाच्या सूत्रात दिवस हा घटक घालावा, म्हणजे जोडीजोडीने तुलना होते. आरएनएचा आरआयएन (तो किती शाबूत आहे याचा १० पैकी गुण) ८ च्या वर, प्रत्येक नमुन्याला दोन ते तीन कोटी रीड्स (वाचलेले आरएनएचे तुकडे), आणि डीईसेक२ सारखे रुळलेले सांख्यिकी साधन एवढ्यावर काम भागते.

याहून महत्त्वाची आहे एक छुपी गृहीत गोष्ट. नमुने तुलनायोग्य करणारे नेहमीचे गणित, म्हणजे नॉर्मलायझेशन, असे धरून चालते की पेशीतील एकूण आरएनए सारखाच आहे. तीव्र हायपॉक्सियात पेशी एकूणच प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनवणे) आणि प्रथिननिर्मिती आवरती घेते, आणि मग सगळेच घटलेले असताना जे कमी घटले ते वाढल्यासारखे दिसते. यावर उपाय म्हणजे लायसिसच्या वेळी पेशींच्या संख्येच्या प्रमाणात बाहेरचा ज्ञात आरएनए, म्हणजे ईआरसीसी स्पाइक-इन, मिसळणे. तो आरएनएच्या वजनाच्या प्रमाणात मिसळला तर हेतूच फसतो, आणि त्यासाठी पेशी नीट मोजलेल्या असाव्या लागतात.

यादीचा अर्थ लावताना

एचआयएफ हे प्रामुख्याने जनुके चालू करणारे प्रथिन आहे. त्यामुळे वाढलेल्या जनुकांत त्याची थेट लक्ष्ये शोधणे रास्त असले, तरी घटलेल्या जनुकांचे कारण बहुतेक वेळा मधल्या कोणाकडून तरी येते: मायक्रोआरएनए-२१० (जनुके दाबणारा छोटा आरएनए), बीएचएलएचई४० सारखी दाबून ठेवणारी प्रथिने, किंवा निव्वळ मंदावलेली वाढ. पेशींचे विभाजन थांबले की एमवायसी आणि ई२एफ या विभाजनाला चालना देणाऱ्या प्रथिनांच्या अखत्यारीतील जनुके घटतात. ग्लुकोज काढून घेतले तरी ती घटतातच. पेशीचक्राचे मोजमाप त्याच नमुन्यांवर केलेले असेल, तर हा भाग वेगळा काढता येतो. मात्र ल्युकेमियात ही मंदावलेली अवस्था टाकाऊ समजू नये, कारण विभाजन पावणाऱ्या पेशींवर चालणाऱ्या औषधांपासून बचावणाऱ्या पेशी याच अवस्थेत असतात.

सगळा बदल एचआयएफमुळेच झाला, असे मानण्याचेही कारण नाही. हिस्टोनवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) मिथाइल गट काढणाऱ्या विकरांना ऑक्सिजन लागतो, आणि त्यांपैकी केडीएम५ए व केडीएम६ए ही ऑक्सिजनची घट एचआयएफच्या मध्यस्थीविना ओळखतात, हे २०१९ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. डीएनएवरील मिथाइल गट काढण्याच्या कामी येणाऱ्या टीईटी विकरांनाही ऑक्सिजन हवाच असतो. आणि टीईटी२ तर मायलॉइड ल्युकेमियात वरचेवर बिघडलेले आढळते. ही सरमिसळ सोडवण्यासाठी चार गट एकत्र चालवण्याची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते: सामान्य ऑक्सिजन, कमी ऑक्सिजन, सामान्य ऑक्सिजनमध्ये रॉक्साडस्टॅट, आणि एचआयएफ-१ बीटा काढून टाकलेल्या पेशी कमी ऑक्सिजनमध्ये. रॉक्साडस्टॅट हे औषध पीएचडी विकरे थांबवते, पण ऑक्सिजन तसाच राहतो. जे जनुक दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात वाढते आणि चौथ्यात वाढत नाही, ते एचआयएफचे. जे फक्त दुसऱ्या आणि चौथ्या गटात हलते, त्याला ऑक्सिजन दुसऱ्या वाटेने हलवतो. कोबाल्ट क्लोराइड स्वस्त असल्याने रॉक्साडस्टॅटऐवजी सर्रास वापरले जाते. परंतु तो विषारी धातू पेशीत इतर पुष्कळ उलथापालथ करतो, म्हणून ब्लॉटवरच्या नमुन्यापुरता तो ठीक, जनुकांच्या यादीसाठी नाही.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्यावा, याला एक ठोस कारण आहे. उंदरांवरील काही अभ्यासांत एचआयएफ-१ अल्फा रोखल्यावर ल्युकेमियाच्या मूळपेशी टिकल्या नाहीत; इतर काही अभ्यासांत तेच जनुक काढूनही रोग तसाच वाढला, किंवा अधिक जोमाने वाढला. रोगाचा प्रकार, रोग सुरू होण्यापूर्वी जनुक काढले की नंतर, आणि एचआयएफ-२ शिल्लक होते का, यांवर उत्तर बदलते. तेव्हा के५६२ मधील १ टक्क्याच्या २४ तासांवरून ‘एचआयएफ हे ल्युकेमियावरील उपचाराचे लक्ष्य आहे’ असे लिहिणे म्हणजे पुराव्याच्या पुढे धावणे होय.

रुग्णांच्या पेशींकडे वळायचे असेल, तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती घ्यावी, आणि प्रत्येक नमुन्यासोबत आयडीएच१, आयडीएच२ आणि टीईटी२ या जनुकांच्या उत्परिवर्तनांची (डीएनएतील बदलांची) माहिती मागून घ्यावी. मज्जेतून काढलेला नमुना सिरिंजमध्ये आला त्या क्षणापासून त्याला हवा मिळू लागलेली असते, त्यामुळे ‘शून्य तास’ हा बिंदू येथे मज्जेची खरी स्थिती दाखवत नाही. नमुना काढल्याची वेळ, प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ आणि कक्षात गेल्याची वेळ या तिन्ही वेळा नळीवरील चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात.